धर्माचा रकाना आणि पगाराची पावती

२०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तिकडे निघालेली परिचारिका किंवा इलेक्ट्रिशियन हाती काय उरेल याचा हिशेब आधी मांडणारच: पेन्शनपोटी पगाराचे ९.३ टक्के, आरोग्य विम्याचा निम्मा हप्ता, आयकर, घरभाडे, आणि घरात टीव्ही असो वा नसो, दर घरामागे महिना १८.३६ युरो प्रसारण शुल्क. उमेदवार वसईचा किंवा गोव्याचा कॅथलिक असेल तर या यादीत आणखी एक ओळ येते, ती चर्च-कराची. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये तो ८ टक्के, उरलेल्या राज्यांत ९ टक्के असतो. हे टक्के उत्पन्नाचे नाहीत, आयकराचे आहेत. वर्षाला ६,००० युरो आयकर बसत असेल तर स्टुटगार्टमध्ये चर्च-कर ४८० युरो, म्हणजे महिना ४० युरो होतो. शिवाय ही रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा मिळते, त्यामुळे प्रत्यक्ष भार त्याहून कमीच. रक्कम छळणारी नाही, पण ती लागू होण्याची रीत माणसाला खऱ्या धर्मप्रश्नासमोर उभी करते. जर्मनीत पोचल्यावर नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. तिथे अर्जातल्या एका रकान्यात धर्म विचारला जातो. ‘रोमन कॅथलिक’ लिहिले की पुढे मालक दरमहा पगारातून कर कापतो. ‘कोणताही नाही’ लिहिले की कापत नाही. महिन्याचे चाळीस युरो वाचवण्यासाठी स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झालेल्या माणसाने दुसरे उत्तर द्यावे का?

माझे मत असे की देऊ नये. आणि जो चर्चच्या बाहेर पडून कर देणे थांबवतो, त्याला संस्कारांपासून तोडण्याचा जर्मन चर्चचा नियमही चूक आहे. ही दोन्ही मते एकाच तत्त्वातून निघतात. श्रद्धा आहे की नाही हा एक प्रश्न, श्रद्धेच्या संस्थेला किती पैसे द्यायचे हा दुसरा. नवागत पैशासाठी पहिल्याचे उत्तर खोटे देतो, तेव्हा तो दोन्ही प्रश्न एकत्र बांधतो. बिशप कर न देण्याला श्रद्धा सोडणे मानतात, तेव्हा तेही तेच करतात.

हा कर चर्चच्या हावेतून जन्मला असे अनेकांना वाटते. इतिहास वेगळा आहे. ऱ्हाइनच्या पश्चिमेचा मुलूख फ्रान्सकडे गेल्यावर जर्मन राजेरजवाड्यांना भरपाई म्हणून १८०३ साली चर्चच्या जमिनी आणि मठ देण्यात आले. जमिनी गेल्या तसे चर्चचे उत्पन्न गेले आणि खर्चाची जबाबदारी राज्यांच्या तिजोरीवर पडली. एकोणिसाव्या शतकात एकेका राज्याने तो खर्च सदस्यांवर सोपवला. १९१९ च्या वायमार राज्यघटनेने धार्मिक संस्थांना सदस्यांकडून कर घेण्याचा अधिकार दिला आणि १९४९ च्या मूलभूत कायद्याच्या १४० व्या कलमाने तो जसाच्या तसा कायम ठेवला. त्याच तरतुदींत असेही आहे की कोणालाही आपली धर्मश्रद्धा उघड करायला भाग पाडता येणार नाही. धर्मसंस्थेचे सदस्यत्व सरकार विचारू शकते ते त्यावर हक्क किंवा कर्तव्ये अवलंबून असतील तेवढ्यापुरतेच, किंवा कायद्याने ठरवलेल्या सांख्यिकी पाहणीसाठी. यातून एक गोष्ट निघते, आणि ती नवागताने नीट समजून घ्यावी: तो रकाना त्याची भक्ती मोजत नाही, सदस्यत्वामुळे लागणारे कर्तव्य तेवढे नोंदवतो. आपल्या राज्यघटनेचे २७ वे कलम याच्या उलट टोकाला आहे. विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी वापरायचा कर द्यायला कोणालाही भाग पाडता येत नाही, असे ते सांगते. या संरक्षणात वाढलेल्या माणसाला जर्मन पद्धत खटकणे स्वाभाविक आहे. तरी जर्मन कर त्या धर्माच्या सदस्यांकडूनच घेतला जातो हा फरक विसरता येत नाही. पुण्याहून गेलेल्या हिंदू अभियंत्याच्या पगारातून चर्चसाठी एक पैही कापली जात नाही.

पहिला आक्षेप तयारच असतो: देव कागद वाचत नाही, कार्यालयातल्या एका उत्तराने माझी श्रद्धा कमी कशी होईल? श्रद्धा कमी होत नसेल, मान्य. पण शब्दाचे वजन कमी होते. ज्या उत्तरावर हक्क आणि कर्तव्ये ठरतात ते उत्तर म्हणजे साक्ष असते. रविवारी मिस्साला उभे राहायचे आणि सोमवारी कार्यालयात ‘माझा धर्म नाही’ असे लिहून द्यायचे, हे विसंगत जगणे आहे, रक्कम कितीही लहान असो. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: मी मायदेशीच्या माझ्या धर्मग्रामाला (पॅरिशला) पैसे पाठवतो, इथे दुसऱ्यांदा का द्यावे? कॅनन कायद्याच्या, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्याच्या, २२२ व्या कलमाने श्रद्धावंतांवर चर्चच्या गरजांना हातभार लावण्याचे कर्तव्य ठेवले आहे. किती द्यायचे ते तिथे ठरवलेले नाही. वसईच्या धर्मग्रामाला दिलेले दान त्या कर्तव्याचा खरा भाग आहे. मात्र ज्या शहरात तो मिस्साला जातो, मुलाचा स्नानसंस्कार करवतो, तिथल्या छपराचा खर्च कोणी तरी उचलत असतोच. विधवेने टाकलेल्या दोन नाण्यांची गोष्ट मार्कच्या शुभवर्तमानात आहे. तिथे मोजमाप रकमेचे नाही, देणाऱ्याच्या परिस्थितीचे आहे. म्हणून रकमेवर वाद घालण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. सत्यावर सूट मागण्याचा नाही. तिसरा आक्षेप सक्तीचा आहे: सक्तीने दिलेले दान कसले? तो मला बराच मान्य आहे. लहानपणी वसईत स्नानसंस्कार झालेल्या माणसाने जर्मन करपद्धतीला संमती कधी दिलेली नसते, तरीही त्या संस्काराच्या आणि तिथल्या वास्तव्याच्या आधारे तो तिथे करदाता ठरतो. म्हणूनच बाहेर पडण्याची वाट मोकळी आणि सन्मानाची असणे हे या पद्धतीच्या न्याय्यतेचे मूळ आहे.

नेमकी तीच वाट जर्मन बिशपांनी अवघड केली. कर थांबवायचा तर सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात जाऊन चर्च सोडल्याचे लेखी द्यावे लागते. २० सप्टेंबर २०१२ च्या बिशप परिषदेच्या फर्मानानुसार असे लेखी देणाऱ्याला मरणसंकट सोडता पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद, दृढीकरण हे संस्कार मिळत नाहीत. त्याला धर्मपालक होता येत नाही, पश्चात्तापाची खूण न दिसल्यास चर्चचा अंत्यविधीही नाकारला जाऊ शकतो. सहाच दिवसांनी लाइप्झिगच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानेही ठरवले की कर घेणाऱ्या संस्थेतून बाहेर पडून श्रद्धेच्या समुदायात मात्र राहणे कायद्याला मान्य नाही. न्यायालयाचे मी समजू शकतो. त्याला कागदच तपासायचा असतो. पण बिशपांसमोर रोमचेच वेगळे मार्गदर्शन होते. २००६ साली व्हॅटिकनच्या कायदेविषयक परिषदेने कळवले होते की सरकारदरबारी दिलेले निवेदन एकटे पुरेसे नाही. मनातून घेतलेला निर्णय, तो प्रकट करणे आणि चर्चच्या अधिकाऱ्याने तो स्वीकारणे हे तिन्ही हवे. संस्कार विकत मिळू नयेत म्हणून चर्चने सायमनी, म्हणजे पवित्र गोष्टींची खरेदी-विक्री, हे पाप ठरवले. कर आणि ख्रिस्तप्रसाद एकमेकांना जोडणारा नियम त्या पापाची सावली ओढवून घेतो, हे बिशपांना दिसायला हवे होते. २०२२ या एकाच वर्षात ५ लाखांहून अधिक कॅथलिकांनी जर्मनीत चर्च सोडले. त्यातल्या अनेकांना चर्चमधले लैंगिक अत्याचार उघडकीस आल्याचा संताप होता, सगळे पैशासाठी गेले असे म्हणणे अन्यायाचे होईल. तरी संतापून कर थांबवणाऱ्या श्रद्धाळूला हा नियम श्रद्धाहीन ठरवतो.

दुसरे मार्ग युरोपातल्या इतर देशांत आहेत. इटलीत आयकराचा ०.८ टक्के भाग सरकार किंवा मान्यताप्राप्त धार्मिक संस्था यांपैकी कोणाकडे जावा हे करदाता सुचवतो, वेगळा कर भरत नाही. ऑस्ट्रियात चर्च स्वतः वर्गणी गोळा करते आणि निम्म्यापर्यंत रक्कम कशावर खर्च व्हावी हे देणाऱ्याला सुचवता येते. जर्मनीतही अनेक धर्मप्रांत जास्त उत्पन्नवाल्यांच्या कराला कमाल मर्यादा घालतात, म्हणजे रक्कम वाटाघाटीची गोष्ट आहे हे चर्चने मान्य केलेलेच आहे. मग नवागताला पहिल्या वर्षी सूट द्यावी, मायदेशीच्या धर्मग्रामाला दिलेल्या रकमेची वजावट द्यावी, आणि त्या रकान्याचा अर्थ तिथल्या धर्मगुरूंनी त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगावा. जर्मन शिकवणाऱ्या इथल्या वर्गांनीही तो अर्थ त्याला निघण्यापूर्वी सांगावा. कार्यालयातल्या कर्मचाऱ्यासमोर, न कळणाऱ्या भाषेत, असा निर्णय कोणालाही घ्यावा लागू नये.