रुई

महसुली दप्तरात जी जमीन पोटखराबा म्हणून लिहिली जाते, जिच्यावर कुणब्याने नांगर धरला नाही आणि सरकारने आकार बसविला नाही, अशा बांधाकडेच्या मुरमाड पट्टीवर, भर वैशाखातही आपली जाड, पांढुरक्या लवेची पाने टवटवीत राखून उभी असणारी रुई ही आपल्या मुलखातील अत्यंत उपेक्षित आणि तितकीच पूज्य वनस्पती होय. आणि तिच्या पूज्यतेचे मूळ मला तिच्या विषातच दिसते.

तिच्या जांभळट वा पांढऱ्या, मेणात कोरल्यासारख्या फुलाच्या मधोमध पाच दळांचा मुकुट असतो. त्यातील पराग सुटे न उधळता पुंजक्यांत बांधलेले असून, मधासाठी आलेल्या काळ्या भुंग्याच्या पायांना अडकून ते दुसऱ्या फुलापर्यंत जातात. पुढे फळे उकलली की रेशमी तंतूंच्या बिया, मुलांच्या ‘म्हाताऱ्या’, वाऱ्यावर निघतात.

परंतु रुईचे खरे सत्त्व तिच्या चिकात आहे. तो डोळ्यांत गेला तर दृष्टीस गंभीर अपाय होतो. महाभारताच्या आदिपर्वात धौम्य ऋषींचा शिष्य उपमन्यु क्षुधेने व्याकुळ होऊन रुईची पाने खातो, अंध होऊन विहिरीत पडतो आणि अश्विनीकुमारांच्या कृपेने पुन्हा डोळस होतो. या कथेचा उपदेश गुरुभक्तीचा असला, तरी तिच्या पोटी वनस्पतीचे निरीक्षण आहेच. तेच पान तेल लावून, शेकून दुखऱ्या गुडघ्यावर बांधणारी आजीबाई चिकाचा हात डोळ्याला लावू देत नाही. गुरे सहसा तोंड लावत नाहीत अशा या पानांवर एका तांबूस फुलपाखराच्या सुरवंटांचे मात्र पोषण होते.

ज्याचे भय वाटते त्याला रीतसर मानाचे स्थान द्यावे, ही आपल्या पूर्वजांची दृष्टी मला विलक्षण शहाणपणाची वाटते. रथसप्तमीच्या स्नानात मस्तकावर ठेवायची सात पाने, शनिवारी मारुतीच्या गळ्यातील माळ, सूर्याप्रीत्यर्थ होमात पडणारी समिधा, ही सारी त्याच दृष्टीची रूपे. अर्कविवाहाविषयी मात्र मी तसे म्हणणार नाही. दोन पत्नी निवर्तलेल्या पुरुषाने तिसऱ्या वधूआधी रुईशी लग्न लावावे, म्हणजे तिसरेपणाचे अरिष्ट झुडपावर जाऊन वधू चौथी ठरते, अशी ही तोड. आणि ती काढणाऱ्या उच्चवर्णीय समाजाने बालविधवेच्या दुसऱ्या लग्नासाठी असा कोणताही उपाय शोधला नाही.