मुशूक्यो : जपानी जीवनातील आचार आणि श्रद्धा

आजच्या जपानमधील बहुसंख्य माणसे आपल्या धर्माविषयी विचारले असता ‘मुशूक्यो’ असे उत्तर देतात. ‘मु’ म्हणजे अभाव आणि ‘शूक्यो’ म्हणजे धर्म, अर्थात ‘मला कोणताही धर्म नाही’ असा या उत्तराचा शब्दार्थ होतो. याच देशातील धर्मसंस्था आपापल्या अनुयायांच्या ज्या संख्या शासनाला कळवतात, त्यांची बेरीज मात्र अलीकडच्या वर्षांत १८ कोटींच्या आसपास भरलेली दिसते, आणि देशाची लोकसंख्या आहे सुमारे साडेबारा कोटी. या विसंगतीचे तांत्रिक स्पष्टीकरण सोपे आहे. शिंतोची, म्हणजे देशी दैवतांच्या उपासनेची, देवस्थाने आपल्या परिसरातील रहिवाशांना ‘उजिको’, म्हणजे त्या स्थानदैवताची लेकरे, मानून मोजतात आणि बौद्ध मंदिरे आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या नोंदलेल्या घराण्यांतील माणसे मोजतात, त्यामुळे स्वतःला निधर्मी म्हणवणारा माणूस त्याच्या नकळत दोन याद्यांमध्ये असतो. पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही. वर्षारंभी देवस्थानासमोर तासन्‌तास रांगेत उभा राहणारा, घरातील मृतांपुढे सकाळचा पहिला भात ठेवणारा आणि तरीही आपल्याला धर्म नाही असे प्रामाणिकपणे सांगणारा समाज नेमके काय नाकारत असतो, याचा उलगडा करायचा तर धर्माचे मर्म श्रद्धेत मानायचे की आचारात, हे आधी ठरवावे लागते.

‘शूक्यो’ हा शब्द जुन्या बौद्ध वाङ्मयात होता, पण तेथे त्याचा अर्थ एखाद्या पंथाची शिकवण एवढाच होता. देव, पवित्र ग्रंथ, संस्थापक, उपासनामंडळ आणि व्यक्तीने मनोमन स्वीकारलेली श्रद्धा या सर्वांना एकत्र बांधणारी युरोपीय कल्पना व्यक्त करण्यासाठी तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला, कारण पाश्चात्त्य राष्ट्रांशी तह करताना त्या कल्पनेसाठी कोणता तरी शब्द हवाच होता. अमेरिकेशी १८५८ साली झालेल्या तहात अमेरिकनांना जपानमध्ये स्वधर्माचरणाची मोकळीक देणारे कलम आहे. ही नवी कल्पना तेथील सुशिक्षितांनाही किती परकी होती, हे इवाकुरा तोमोमी यांच्या नेतृत्वाखाली १८७१ साली अमेरिका आणि युरोपकडे निघालेल्या शिष्टमंडळाच्या हकिकतीवरून कळते. त्या मंडळातील कुमे कुनिताके यांच्या आठवणींनुसार, परदेशात कोणी धर्म विचारला तर काय सांगायचे, यावर बोटीवरच चर्चा झाली. बौद्ध म्हणावे तर त्या धर्माचे ज्ञान कोणालाच फारसे नव्हते, कन्फ्यूशियसची शिकवण ही नीती आणि राजकारणाची विद्या होती, शिंतोचे नाव घ्यावे तर दाखवायला धर्मग्रंथ नव्हता, आणि धर्मच नाही म्हणावे तर पाश्चात्त्य लोक अशा माणसावर विश्वास ठेवत नाहीत, अशी ती कोंडी होती. त्या विद्वानांच्या घरी देव होते, पितर होते, सणवार होते; नव्हते ते केवळ या प्रश्नाला लागू पडेल असे नाव.

नावाची गरज पूर्वी पडली नव्हती, कारण जपानी परंपरेत दैवताची कल्पनाच सिद्धान्तातून आलेली नव्हती. तेथील दैवतांना ‘कामी’ म्हणतात. इसे प्रांतातील मात्सुसाका गावी वैद्यकी करणारे थोर पंडित मोतोओरी नोरिनागा (१७३०–१८०१) यांनी, इसवी सन ७१२ मध्ये सिद्ध झालेल्या ‘कोजिकी’ या ग्रंथावर भाष्य लिहिताना कामीची जी व्याप्ती सांगितली, तिच्यात पशुपक्षी, वृक्ष, समुद्र, पर्वत, माणसे असे जे जे असामान्य सामर्थ्याने मनात भयादर उत्पन्न करते ते सर्व येते, मग ते शुभ असो वा अशुभ. सहाव्या शतकात कोरियातील राज्यांमार्फत आलेल्या बौद्ध धर्माने या कामींना हटवले नाही. बुद्ध आणि बोधिसत्त्व ही मूळ रूपे, तर स्थानिक कामी ही त्यांची लोककल्याणार्थ प्रकटलेली रूपे, असा मेळ पुढे घातला गेला आणि एकाच आवारात दोघांची पूजा शतकानुशतके चालली. सतराव्या शतकात तोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्मावरील बंदी अमलात आणण्यासाठी प्रत्येक कुटुंबाला बौद्ध मंदिरात नोंद करणे भाग पाडले, आणि अशा नोंदलेल्या घराण्याला ‘दान्का’ हे नाव मिळाले, ज्यातील पहिले अक्षर संस्कृत ‘दान’ या शब्दाच्या चिनी लिप्यंतरातून आले आहे. ज्या देशात मंदिराशी असलेले नाते शासनाच्या दप्तरातून ठरले, तेथे ते नाते मनाच्या निवडीचा विषय न होता घराण्याची बाब झाले, यात नवल नाही.

या घराण्याच्या धर्माचे केंद्र म्हणजे ‘बुत्सुदान’, दारे असलेला बौद्ध देव्हारा. त्यात बुद्धमूर्ती किंवा चित्र असते, पण घरच्यांचे लक्ष अधिक असते ते ‘इहाइ’कडे, मृत व्यक्तीला भिक्षूने दिलेले मरणोत्तर नाव ज्यावर लिहिलेले असते अशी ही उभी लाकडी पट्टी असते. सकाळी शिजलेल्या भाताचा पहिला वाटा तेथे ठेवायचा, उदबत्ती लावायची, लहानशी घंटा वाजवून हात जोडायचे, आणि घरात नवे काही घडले असेल, परीक्षेचा निकाल किंवा ठरलेले लग्न, तर ते सांगायचे. ‘ओबोन’च्या दिवसांत, बहुतेक प्रदेशांत ऑगस्टच्या मध्यास, हे पितर घरी येतात असे मानून त्यांच्या स्वागतासाठी आणि निरोपासाठी अग्नी पेटवला जातो. समाधीमागे उभ्या केलेल्या फळ्यांवर सिद्धम् लिपीतील संस्कृत बीजाक्षरे असतात. कूकाइ (७७४–८३५) यांच्यासारख्या आचार्यांनी चीनमधून आणलेल्या तंत्रमार्गी बौद्ध परंपरेचा हा वारसा भारतात लोप पावलेल्या लिपीला तेथील दफनभूमीत आजही जिवंत ठेवतो.

पितरांविषयीचा हा आदर वस्तूंपर्यंतही पोचतो, आणि जपानी आचाराचे सर्वांत हृद्य रूप कदाचित तेथेच दिसते. तोक्यो परिसरात ८ फेब्रुवारीला ‘हारि-कुयो’ होतो. ‘हारि’ म्हणजे सुई, आणि ‘कुयो’ हा संस्कृत ‘पूजा’ या कल्पनेसाठी चिनी बौद्धांनी घडवलेला शब्द. वर्षभरात मोडलेल्या किंवा बोथट झालेल्या सुया घेऊन शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया देवालयात जातात आणि आयुष्यभर जाड कापडातून गेलेल्या त्या सुयांना शेवटी मऊ जागा मिळावी म्हणून त्या तोफूच्या, म्हणजे सोयाबीनच्या दुधापासून केलेल्या पनीरसारख्या पदार्थाच्या, वडीत टोचून ठेवतात. सुईला आत्मा असतो असे त्या स्त्रीला खरोखर वाटते का, असा प्रश्न येथे विचारता येतो, पण तो या कृतीला लागू पडत नाही, कारण ही कृती एखाद्या विधानाची कबुली देत नाही. जिने काम केले तिला कचऱ्यात टाकवत नाही, ही जाणीव ती हातांनी पुरी करते. येथे आचार श्रद्धेतून निघालेला नसून श्रद्धेसारखे जे काही मनात उरते ते आचारातून निघते. मराठी वाचकाजवळ यासाठी ‘धर्म’ या ताणल्या गेलेल्या शब्दापेक्षा अधिक नेमका शब्द आहे, तो म्हणजे कुळाचार. ज्याविषयी ‘तुम्ही हे मानता का’ असे कोणी विचारत नाही, ‘तुमच्याकडे हे असते का’ एवढेच विचारतात. अमा तोशिमारो यांनी १९९६ साली जपानी माणसांच्या निधर्मीपणावर लिहिलेल्या पुस्तकात संस्थापकाने स्थापलेला धर्म आणि नैसर्गिकपणे वाढलेला धर्म असा भेद केला आहे. ‘मुशूक्यो’ या उत्तरात नाकारला जातो तो पहिला. दुसरा इतका अंगवळणी पडलेला असतो की तो नाकारण्याचा विचारही मनात येत नाही.

तथापि केवळ आचाराची थोरवी गाऊन थांबणे अन्यायाचे होईल, कारण जपानमध्ये श्रद्धेलाच सर्वस्व मानणारेही होऊन गेले आणि आचारप्रधान समाजाने त्यांच्याकडे अनेकदा संशयाने पाहिले. शिनरान (११७३–१२६२) यांच्या पंथाचे लोक अमिताभ बुद्धाच्या कृपेवरच भार टाकतात आणि शुभाशुभ दिवस, मृत्यूचे सुतक यांना महत्त्व देत नाहीत. म्हणून त्यांना रीतभात न कळणारे म्हणण्याची म्हणच पडली. १८९१ साली ख्रिस्ती विचारवंत उचिमुरा कान्झो यांनी शाळेतील समारंभात सम्राटाच्या शिक्षणविषयक आज्ञापत्रापुढे पुरेसे वाकून वंदन केले नाही, तेव्हा त्यांची शिक्षकाची नोकरी गेली. पुढच्याच वर्षी, बोटीवरील त्या चर्चेची आठवण सांगणाऱ्या कुमे यांना, शिंतो हा आकाशपूजेचा प्राचीन लोकाचार आहे असे लिहिल्याबद्दल तोक्योच्या विद्यापीठातील प्राध्यापकपद सोडावे लागले. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यायला हवी. तोकुगावा राजवटीनंतर आलेल्या मेइजी शासनाने १८६८ साली कामी आणि बुद्ध यांची सक्तीने फारकत केली, पुढे देवस्थानांना राष्ट्राच्या सेवेस जुंपले, आणि १८८९ च्या राज्यघटनेने धर्मस्वातंत्र्य मान्य केल्यावर, देवस्थानपूजा हा धर्म नसून नागरिकाचे कर्तव्य आहे अशी भूमिका घेतली. धर्म नसल्यामुळेच ती सर्वांवर लादता आली.

१९४५ नंतर शासन आणि देवस्थाने विलग झाली, १९४७ च्या राज्यघटनेने शासनाला धार्मिक कार्यास मनाई केली, पण ‘हा धर्म की रूढी’ हा वाद न्यायालयांत पोचला. नोरिनागांच्या गावापासून जवळच असलेल्या त्सु शहराच्या पालिकेने १९६५ साली व्यायामशाळेच्या भूमिपूजनासाठी शिंतो पुरोहित बोलावले आणि त्याचा ७,६६३ येन खर्च सार्वजनिक निधीतून दिला. वरिष्ठ न्यायालयाने हा खर्च घटनाबाह्य ठरवला, परंतु १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने १० विरुद्ध ५ मतांनी, या विधीचा हेतू समाजात रूढ प्रथेनुसार बांधकाम निर्विघ्न व्हावे एवढाच असल्याने तो घटनेने मना केलेले धार्मिक कार्य नाही, असा निर्णय दिला. अल्पमतातील पाच जणांत स्वतः सरन्यायाधीश फुजिबायाशी एकिझो होते, आणि ते उचिमुरांनी सुरू केलेल्या चर्चरहित ख्रिस्ती चळवळीतील होते. पुढे १९९७ साली एहिमे प्रांताने, युद्धात मृत्यू पावलेल्यांना कामी मानून पूजणाऱ्या तोक्योतील यासुकुनी देवस्थानास दिलेल्या देणग्या याच न्यायालयाने घटनाबाह्य ठरवल्या, हेही नोंदवायला हवे.

या दोन निकालांच्या मध्ये, १९८८ साली, एका ख्रिस्ती विधवेचे प्रकरण निकाली निघाले. तिचा पती स्वसंरक्षण दलात होता आणि १९६८ साली कामावर असताना वाहन अपघातात मरण पावला. त्याचे स्मरण ती आपल्या श्रद्धेनुसार करीत होती, पण माजी सैनिकांच्या संघटनेने दलाच्या स्थानिक कार्यालयाच्या साहाय्याने, तिचा विरोध असतानाही, यामागुचीच्या देवस्थानात त्याला कामी म्हणून प्रतिष्ठित केले. खालच्या न्यायालयांनी तिच्या बाजूने कौल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो १४ विरुद्ध १ मतांनी फिरवला, आणि त्यासाठी असे म्हटले की देवस्थानालाही धर्मस्वातंत्र्य आहे, व जोवर सक्ती होत नाही तोवर दुसऱ्याच्या श्रद्धेतून घडलेल्या कृतीविषयी तिने सहिष्णू राहावे. भूमिपूजनाच्या वेळी मुख्यतः रूढी ठरलेला शिंतो विधी या निकालात धर्म म्हणून ओळखला गेला, आणि ज्या एका व्यक्तीने आपल्याला धर्म आहे असे स्पष्ट सांगितले होते, तिचा पती यामागुचीत कामी राहिला.