खरे-खोटे कोणी पारखायचे?

गेल्या पावसाळ्यात एक माजी विद्यार्थी शाळेच्या कचेरीत भेटायला आला. घराणे ख्रिस्ती, तीन पिढ्या आमच्याच गावात राहिलेले. त्याच्या आईला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. रोज इन्सुलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. काही महिन्यांपूर्वी बाहेरगावचा एक उपदेशक आला. भाड्याच्या सभागृहात रोज संध्याकाळी प्रार्थना, गाणी, रोगमुक्तीच्या साक्षी. तो बोलायचा इंग्रजीत आणि शेजारी उभा असलेला माणूस एकेका वाक्याचे कन्नड करायचा. या बाईंचे कन्नड बाजारापुरते; प्रार्थना आयुष्यभर मराठीत केलेली. तरी एक गोष्ट त्यांना नीट समजली : सुई टोचून घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे. त्यांनी इंजेक्शन बंद केले. हातातल्या दोन बांगड्या दान केल्या. दोन महिन्यांनी पायाला जखम झाली, चिघळली आणि दोन बोटे काढावी लागली. तोवर उपदेशक पुढच्या गावी गेला होता.

मुलगा रागात नव्हता, गोंधळलेला होता. म्हणाला, "सर, आमचे पाळकसाहेबही बायबल वाचतात आणि तो माणूसही बायबलच वाचत होता. मग आईने ओळखायचे तरी कसे?"

मी ख्रिस्ती नाही. शेजाऱ्याच्या धर्मातले खोटे दाखवायला निघालेल्या माणसाने आधी आपल्या आळीतली बुवाबाजी आठवावी, आणि ती आठवायला मला फार लांब जावे लागत नाही. पण प्रश्न विद्यार्थ्याचा होता आणि विषय थोडाफार इतिहासाचा होता. त्याला तेव्हा धड उत्तर देता आले नाही. पुढे काही महिने वाचत राहिलो, त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो.

पहिली गोष्ट म्हणजे हा प्रश्न ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. मेंढरांच्या वेषात लांडगे येतील, त्यांना त्यांच्या फळांवरून ओळखा, असे येशूनेच शिष्यांना बजावल्याचे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. पण फळ लागायला वेळ लागतो, आणि दारात उभ्या असलेल्या माणसाचे काय करायचे हे आजच ठरवावे लागते. सुरुवातीच्या मंडळ्यांपुढे हीच अडचण होती. गावोगाव फिरणारे उपदेशक येत, त्यांना आसरा देणे हे धर्मकर्तव्य, आणि त्यांत भोंदूही असत.

त्या काळातली 'बारा प्रेषितांची शिकवण' नावाची एक छोटी ग्रीक पुस्तिका आहे. ती शतकानुशतके हरवलेली होती. 1873 साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये तिचे हस्तलिखित सापडले आणि 1883 मध्ये ते छापले गेले. तिच्यातले नियम एखाद्या अनुभवी गावपाटलाने घालून दिल्यासारखे आहेत. फिरता उपदेशक आला तर त्याचे स्वागत करा. तो एक दिवस राहील, गरज पडली तर दोन दिवस. तिसऱ्या दिवशीही मुक्काम हलला नाही, तर तो खोटा संदेष्टा. निघताना त्याला पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्या. पैसे मागितले तर तो खोटा. अंगात आल्यासारखे करून जेवण मांडायला सांगितले आणि स्वतःच जेवायला बसला, तर खोटा. जे शिकवतो ते स्वतः करत नसेल, तर शिकवण खरी असली तरी माणूस खोटा. मात्र दुसऱ्या कोणा गरजूसाठी मागत असेल, तर त्याच्याविषयी वाईट निवाडा करू नका.

यात तत्त्वज्ञान फारसे नाही, आणि तेच मला महत्त्वाचे वाटले. शिकलेले-न शिकलेले सगळेच ईश्वराच्या स्वरूपाविषयी वाद घालू शकत नाहीत. पण बांगड्या कोणाच्या खिशात गेल्या हे कोणालाही पाहता येते.

तरीही ही कसोटी पुरी पडत नाही. पैशाचा लोभ नसलेली शिकवणही माणसाला खड्ड्यात घालू शकते. 2023 साली केनियातील शाकाहोला नावाच्या जंगलात पुरलेली चारशेहून अधिक प्रेते सापडली. त्यांत लहान मुले पुष्कळ होती. उपास करून मेल्यास येशूची भेट होईल, असे शिकवल्याचा आरोप त्यांच्या उपदेशकावर आला. हा माणूस शाळा आणि दवाखाने यांच्याविरुद्ध आधीपासून बोलत असे. शेजारी, डॉक्टर, मास्तर असा एकेक दोर कापत गेले, की शेवटी त्या माणसाच्या आवाजाखेरीज दुसरा आवाजच कानावर पडत नाही. म्हणून दुसरी कसोटी अशी की, ही शिकवण मला कोणाकोणापासून तोडते आहे?

खोटी शिकवण नेहमी बाहेरून येते असेही नाही. 1933 साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. तेव्हा प्रतिष्ठित प्रॉटेस्टंट चर्चमध्येच 'जर्मन ख्रिस्ती' नावाचा पंथ जोरात होता. ज्यू वंशातून आलेल्या पाळकांना सेवेतून काढा, अशी त्यांची मागणी होती. त्या वर्षी 13 नोव्हेंबरला बर्लिनच्या क्रीडाभवनात त्यांची प्रचंड सभा झाली. तिथे त्यांच्या एका नेत्याने जुना करारच ज्यूंचा म्हणून टाकून द्यायची भाषा केली. येशू स्वतः ज्यू होता, हे ठाऊक असलेल्या माणसांच्या सभेत हे घडले! पुढच्या वर्षी, 1934 च्या मे महिन्यात, या पंथाला विरोध करणारे लोक बार्मेन गावी जमले. कार्ल बार्थ या धर्मशास्त्रज्ञाने मुख्यतः लिहिलेले सहा कलमांचे निवेदन त्यांनी मान्य केले. प्रत्येक कलमात आधी बायबलचे वचन, मग आपली श्रद्धा, आणि मग अमुक खोटी शिकवण आम्ही नाकारतो, असे स्पष्ट शब्द. देवाच्या जागी राज्याला किंवा कोणा नेत्याला बसवू देणार नाही, हा त्याचा गाभा. इथली कसोटी तिसरी : ग्रंथातला कोणता भाग अडचणीचा म्हणून कापला जातो आहे, आणि तो कोणाला अडचणीचा आहे?

पण त्या निवेदनात ज्यूंच्या छळाबद्दल एक अक्षर नाही. पुढे म्हातारपणी, 1967 साली, बार्थने लिहिलेल्या एका पत्रात याबद्दल स्वतःला दोष दिला आहे. खोटे ओळखणाऱ्यालाही सगळे दिसतेच असे नाही. हे आपणही ध्यानात ठेवावे.

यापुढे विषय अधिक नाजूक होतो. 'खोटी शिकवण' हा शब्द ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्या हातात पडला, की त्याचे हत्यार होते. आपल्या शेजारच्या गोव्यात 1560 पासून 1812 पर्यंत, मधली चार वर्षे सोडता, इन्क्विझिशन चालू होते. श्रद्धेचे रक्षण हेच त्याचेही नाव होते. बायबल सामान्य माणसाच्या इंग्रजीत आणणाऱ्या विल्यम टिंडेलला 1536 मध्ये पाखंडी ठरवून गळा आवळून मारले आणि त्याचे प्रेत जाळले. तीनच वर्षांनी इंग्लंडमध्ये राजाच्या संमतीने जे बायबल निघाले, त्यात त्याच टिंडेलचे पुष्कळसे काम होते. तेव्हा रक्षण करायचे ते बंदीने आणि दंडुक्याने करायचे, ही वाट बंद आहे. कोणी फसवणूक केली, औषध सोडायला लावून इजा केली, तर कायद्याने त्याला पकडावे. शिकवणीची पारख मात्र ऐकणाऱ्यानेच करायची आहे.

ख्रिस्ती ग्रंथातच याला आधार आहे. पौल बिरुया शहरी उपदेश करायला गेला, तेव्हा तिथले लोक त्याचे ऐकून घेत आणि तो म्हणतो ते खरे का, हे रोज शास्त्रात शोधून पाहत. ग्रंथकर्त्याने यासाठी त्यांना नावे ठेवली नाहीत, थोर मनाचे म्हटले. आणि गलतीकरांना लिहिताना पौल म्हणतो की मी स्वतः किंवा स्वर्गातला दूत वेगळे काही सांगू लागला, तरी ऐकू नका. जो स्वतःलाही तपासणीतून वगळत नाही, त्याच्यावर निदान विश्वास ठेवण्याचा विचार करता येतो. प्रश्न विचारला की सैतान आठवणाऱ्यावर नाही.

शोधून पाहायचे तर ग्रंथ आपल्या भाषेत हवा. हे पंडिता रमाबाईंइतके मराठीत कोणी जाणले नसेल. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण एका पुरोहितवर्गाचे जू कष्टाने उतरवल्यावर दुसरे मानेवर घेणार नाही, असे त्यांनी तिथल्या आपल्या धर्मगुरुभगिनींना कळवले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत केडगावच्या मुक्तिसदनात बसून हिब्रू-ग्रीकवरून त्या बायबलचे भाषांतर करत राहिल्या, तेही खेड्यातल्या बायकांना समजेल अशा साध्या मराठीत. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या. त्या पुस्तकाचे खिळे तिथल्या बायका-मुलींनीच जुळवले.

आपण दोन-दोन, तीन-तीन भाषांत जगणारी माणसे. न समजलेल्या भाषेतले बोलणे आपल्याला उगाच भारदस्त वाटते, हा सीमाभागातला रोजचा अनुभव आहे. कोर्टाच्या कागदापासून लग्नातल्या मंत्रांपर्यंत.

दिवाळीच्या आधी मी त्या बाईंना भेटायला गेलो. पायाला पट्टी होती. त्यांचे वृद्ध पाळक शेजारी बसले होते, आणि मुलगा मराठी बायबल वाचून दाखवत होता. पौल तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, ती जागा झाली. मग कलस्सैकरांच्या पत्रातली, जिथे पौल लूकला आपला प्रिय वैद्य म्हणतो, ती. बाईंनी मुलाला थांबवले आणि पुन्हा वाचायला लावले.

"लूक म्हणजे आपला तो शुभवर्तमानवाला? तो डॉक्टर होता?" त्यांनी विचारले. पाळक म्हणाले, "हो, बाई."

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग मला म्हणाल्या, "मास्तर, चाळीस वर्षं हे पुस्तक घरात आहे. लग्नात मिळालेलं. नाताळला पुसून परत ठेवायचे."

घरी आलो. देवघराच्या वरच्या फळीवर, लाल कापडात बांधलेली आमची ज्ञानेश्वरी होती. वडिलांच्या माघारी ती गाठ कोणी सोडली होती, मला आठवेना. खुर्ची ओढून घेतली आणि ती खाली काढली.