प्रसंगाची मागणी

सरकारी नोकरीत ज्यांची हयात गेली, त्यांना २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील एकविसावा नियम परिचित असतोच. सामान्य विवेकाचा मनुष्य स्वतःचा पैसा खर्च करताना जी दक्षता बाळगतो, तीच अधिकाऱ्याने सरकारी पैशाबाबत बाळगावी, आणि खर्च प्रसंगाच्या मागणीहून अधिक नसावा, असा त्याचा आशय. या नियमाच्या आधारे मी आजवर कित्येक प्रस्तावांवर प्रतिकूल शेरे मारले आहेत. परंतु मनुष्य स्वतःच्या पैशाबाबत विवेकी असतो, हे जे त्याच्या मुळाशी गृहीत धरले आहे, ते तपासून पाहण्याची वेळ गेल्या हिवाळ्यात लखनौच्या राहत्या घरीच आली. निमित्त अगदी क्षुल्लक होते: मुलीच्या संगणकातील व्हिडिओ कार्ड बदलावे की बदलू नये?

मुलगी वास्तुरचनेची विद्यार्थिनी. तिच्या संगणकात २०१६ साली बाजारात आलेले जीटीएक्स १०६० हे कार्ड, सहा जीबी स्मृतीचे. पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० मिळून सुमारे २१ लाख बिंदू असतात; सेकंदाला साठ वेळा चित्र पालटावयाचे म्हणजे सुमारे साडेबारा कोटी बिंदूंचा रंग ठरवावयाचा. हे हिशेब बरेचसे परस्परांवर अवलंबून नसल्यामुळे कार्डावरील १२८० लहान गणनकेंद्रे ते एकाच वेळी वाटून घेतात. या कार्डासाठी लागणाऱ्या ड्रायव्हरची नियमित सुधारणा निर्मात्यांनी ऑक्टोबर २०२५ पासून थांबविली. यापुढे २०२८ पर्यंत केवळ सुरक्षेपुरती डागडुजी व्हावयाची. म्हणजे वस्तू कालबाह्य झाली, परंतु निकामी झाली नाही. कचेरीतील जुने सामान निकालात काढताना हा भेद आपण काटेकोरपणे पाळतो. घरात मात्र पहिला शब्द कानी पडताच दुसरा आपोआप खरा वाटू लागतो.

आम्ही दोघे नाझा मार्केटात गेलो. मुलीची नजर २०२५ सालच्या आरटीएक्स ५०७० टीआयवर खिळली. दुकानदाराने अदबीने विचारले, "एसएमपीएस किती वॅटचा आहे?" आमचा ५५० वॅटचा. जुन्या कार्डाची भूक १२० वॅटची, तर याची ३०० वॅटची. तेव्हा साडेसातशेचा एसएमपीएस हवा. मग एवढ्या कार्डाला साधा पडदा शोभत नाही, तोही बदलावा. फ्रेंच विचारवंत दिदेरो याने अठराव्या शतकात आपल्या जुन्या झग्यावर एक निबंध लिहिला होता. नवा झगा घरात आला, तेव्हा त्याच्याशेजारी जुनी खुर्ची आणि जुने मेज विशोभित दिसू लागले व एकेक करून बदलावे लागले, ही त्याची तक्रार. तिची मला आठवण झाली आणि मी सरळ नकार दिला. परतताना मनात काटकसरीचा अभिमानही होता.

तो फार काळ टिकला नाही. त्या रात्री मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही दोन वर्षांनी फोन बदलता, तेव्हा कोणाला विचारता?" प्रश्न उद्धट नव्हता, लेखापरीक्षकाचा होता. मी तिची गरज तपासलीच नव्हती. वस्तू महाग दिसली म्हणून मी तिला चैन ठरविले. ज्याच्या कामात ती वस्तू येत नाही, त्याला तिच्यावाचून राहणे सोपेच असते. आणि अशा त्यागाला विवेक म्हणणे हीही एक प्रकारची उधळपट्टीच, फक्त ती दुसऱ्याच्या वेळेची. मग आम्ही एक उपाय ठरविला. आठ दिवस तिने वही ठेवावयाची: यंत्रामुळे काम कोठे अडले ते एका बाजूस, आणि नुसते मन कोठे अडले ते दुसऱ्या बाजूस.

आठ दिवसांनी वही पाहिली. खेळ आणि नव्या कार्डांची छायाचित्रे यांच्या नोंदी मनाच्या बाजूस तिने स्वतःच लिहिल्या होत्या. यंत्राच्या बाजूस दोनच नोंदी होत्या, परंतु ठळक. बड्या इमामबाड्याच्या मुख्य दालनाचे त्रिमित चित्रण हा तिचा अभ्यासविषय. सुमारे पन्नास मीटर लांब आणि सोळा मीटर रुंद असे ते तुळईविरहित दालन तिने इतक्या बारकाव्यांनिशी उभे केले होते, की ते कार्डाच्या स्मृतीत मावत नव्हते. दोन रात्री संगणक चालू ठेवूनही चित्र पुरे झाले नाही. अडचण वेगाची नव्हती, नवेपणाची तर नव्हतीच. ती सहा जीबीची होती.

आसफ-उद्-दौलाने १७८४ साली दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून हा इमामबाडा बांधावयास घेतला, असे सांगतात. दुष्काळात एवढी वास्तू उभारणे ही उधळपट्टी की गरज, हे केवळ तिच्या भिंती पाहून कसे कळावे? दगडविटांइतकेच कार्डही मुके असते. प्रसंग काय मागतो, हे त्या प्रसंगात जो उभा आहे त्यालाच विचारावे लागते, आणि त्यानेही खरे सांगावयास हवे.

अखेर २०२१ सालचे, बारा जीबी स्मृतीचे आरटीएक्स ३०६० घेतले. ते १७० वॅटवर चालते. एसएमपीएस तोच राहिला, पडदाही तोच. जुने कार्ड खणात पडून न राहता शेजारच्या मुलाच्या संगणकात गेले. मुरादाबादेस रामगंगेच्या काठी अशाच पट्ट्या जाळून त्यांतील धातू काढतात आणि राख नदीत जाते, हे ज्याने वाचले आहे त्याला जुनी वस्तू दृष्टीआड करून मोकळे होता येत नाही.

आता त्या वहीचे एक पान माझ्या नावावर आहे. आठ दिवस मीही नोंदी केल्या. फोनमुळे काम अडल्याची एकही नोंद सापडली नाही. मनाची बाजू मात्र भरून गेली. नियमातील तो सामान्य विवेकाचा मनुष्य मी आजवर माझ्या खुर्चीत बसलेला समजत होतो. तो अजून यावयाचा आहे. नव्या फोनचा प्रस्ताव तूर्त प्रलंबित ठेवला आहे.