आजन्म हमी

छाटणीच्या कात्रीवर कारखानदार 'आजन्म हमी' लिहितात. जन्म कोणाचा, हें घेणारा क्वचितच विचारतो. नारायणगांवाकडील द्राक्षबागेंत आजोबांनीं वापरलेली कात्री नातवानें कारखान्याकडे धाडून नवी मागावी काय? पातें घडणींतील दोषानें मोडलें असेल व हमी वारसासही लागू असेल, तर खुशाल मागावी. परंतु वर्षानुवर्षें राबून तें झिजलें असेल, तर कारखान्यानें दिलेला शब्द पाळला गेल्याचीच ती खूण आहे, असें आम्ही समजतों.

जुन्नर-आंबेगांवच्या खेड्यांतून पूर्वीं अशी हमी कागदावांचून चालत असे. फाळ बोथटला कीं कुणबी तो लोहाराच्या भात्यापाशीं नेई. लोखंड कुणब्याचें, श्रम लोहाराचे. टोक काढून, पाणी देऊन फाळ परत मिळे. मोबदला म्हणून सुगीस खळ्यावरून बलुतें जाई. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गांवगाडा' (१९१५) या ग्रंथांत या व्यवस्थेचें, तींतील कुरबुरींसह, वर्णन आहे. मागणाराही दरसाल बांधलेला असे, हें आम्हांस आजच्या पावतीहून सरस वाटतें.

पण या हमीची खरी किंमत लोहाराचा मुलगा देत असे. बापाचा शब्द त्यास जन्मतःच बांधी. दुसरा धंदा धरावयाचा आहे काय, असें त्यास कोण विचारणार? कारखान्याची हमी कोरडी खरी, परंतु तींत कोणाचें मूल गहाण पडत नाहीं.

जुनें आंबेगांव आतां डिंभे धरणाच्या पाण्याखालीं आहे. नातवानें ती झिजलेली कात्री धार लावणाऱ्याकडे न्यावी, आणि त्याचे पैसे घासाघीस न करतां तेथल्या तेथें चुकते करावे. त्यास सुगीची वाट पाहावयास लावूं नये.