कुंपणाशी थांबलेला रस्ता

शेत विकले जाते, बिनशेती होते, त्यात प्लॉट पडतात आणि मधून एक रस्ता काढला जातो. तो गट क्रमांकाच्या हद्दीशी येऊन थांबतो. काही वर्षांनी पलीकडचा धनी आपली जमीन आखतो; त्याचा रस्ता भलत्याच जागी निघतो आणि मध्ये भिंत उभी राहते. परभणीत जिंतूर, वसमत, गंगाखेड, पाथरी या रस्त्यांच्या अंगाने वसलेल्या वसाहतींतून हिंडताना अशी भिंत आम्हांला अनेकदा आडवी आली आहे. पाठीला पाठ लावून असलेली दोन घरे पायी जाणाऱ्याला मुख्य रस्त्याचा वळसा घातल्यावाचून भेटत नाहीत.

२०११ साली परभणी महानगरपालिका झाली, तेव्हाच शहराची वस्ती ३ लाखांवर गेली होती. शहर वाढणे हा दोष नव्हे. घर पाडता येते, पुन्हा बांधता येते. रस्त्याची आखणी मात्र एकदा पडली की पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही. कॅनडा व अमेरिकेतील दोन संशोधकांनी २०२० साली जगभरच्या रस्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९७५ पासून जगाच्या मोठ्या भागात नवे रस्ते एकमेकांना कमी कमी जोडले जात आहेत, असे त्यांना आढळले. जर्मनी व डेन्मार्क यांनी मात्र पायवाटा व सायकलवाटा जोडून ही तूट भरून काढली.

जुन्या गावांतही बंद बोळ होतेच. त्या काळाचे गोडवे आम्ही गाणार नाही. प्रश्न वेगळा आहे. जमीन माझी, म्हणून शेजाऱ्याची वाट अडविण्याचा अधिकारही माझाच काय? खाजगी मालमत्तेवर समाजाचे ऋण असते, ही शिकवण पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या आपल्या परिपत्रकात स्पष्टपणे मांडली. ते ऋण पैशांतच फेडावे असे नाही. वीस फुटांची एक पट्टी मोकळी सोडूनही ते फेडता येते. वळशाचा भार मोटारवाल्याला जाणवत नाही. तो पडतो दप्तर घेतलेल्या मुलावर, मिस्सेला निघालेल्या आजीवर आणि आजाऱ्याकडे ख्रिस्तप्रसाद घेऊन पायी जाणाऱ्या सेवकावर. दिमिष्कात हनन्याला शौलाकडे पाठविले गेले, ते ‘नीट’ नावाच्या रस्त्याने. त्या रस्त्यावर मध्येच भिंत असती तर, असा विचार मनात येऊन जातो.

बंद गल्लीत चोरांची भीती कमी, वर्दळ नाही, मुले निर्धास्त खेळतात, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, आणि आम्हांलाही ती शांतता हवीशी वाटते. पण पायी माणसापुरते फाटक ठेवल्याने ती भंगत नाही. शिवाय अनोळखी पाऊल नको म्हणून भिंत घातली की ओळखीचे पाऊलही हळूहळू थांबते, हे आम्ही पाहिले आहे.

दोष केवळ प्लॉट पाडणाऱ्याचा, असे म्हणून आम्हांला सुटता येत नाही. जागा घेताना आम्ही सात-बारा पाहिला, पाणी विचारले, विजेचा खांब कोठे आहे ते विचारले. दारापुढचा रस्ता पुढे कोठे जातो, हे काही विचारले नाही.