मौन आणि वेषांतर

सत्य बोलावें या आज्ञेविषयीं फारसा वाद नाहीं. वाद निघतो तो, कोणापाशीं बोलावें आणि मौन केव्हां अपुरें पडतें, याविषयीं. हा वाद जुना आहे. परंतु अलीकडे तो अशा एका यंत्रविद्येंत नव्यानें उपस्थित झाला आहे कीं, जिच्याकडे नीतिशास्त्राचे अभ्यासक सहसा वळत नाहींत. इंटरनेटवरील 'व्हीपीएन' नांवाच्या व्यवस्थेस वेष चढविण्याची जी कला आज प्रचारांत आहे, तिचा या दृष्टीनें विचार करावयाचा आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. व्हीपीएन म्हणजे आपला संगणक आणि दूरचा एखादा सर्व्हर यांच्यामधील कुलुपबंद बोगदा. त्यांतून काय जातें हें वाटेवरच्या पहारेकऱ्यास वाचतां येत नाहीं. परंतु बोगदा आहे, एवढें त्यास दिसतें. कारण प्रत्येक पद्धतीची संभाषण सुरू करण्याची एक ठराविक लकब असते. वायरगार्ड या पद्धतींत पहिला निरोप नेमका १४८ बाइटांचा व त्याचें उत्तर ९२ बाइटांचें असतें. ओपनव्हीपीएनच्या आरंभींच्या देवघेवींतहि अशाच खुणा सांपडतात. लखोटा न फोडतां केवळ त्याच्या आकारावरून पत्राची जात ओळखावी, तसा हा प्रकार आहे. चीनची प्रसिद्ध संरक्षक भिंत अशा खुणा हेरून बोगदा बुजविते. इराणांत व रशियांतहि हेच चालतें. म्हणजे मजकूर गुप्त राहतो, पण 'हा मनुष्य कांहीं लपवीत आहे' ही गोष्ट गुप्त राहत नाहीं.

ती लपविण्यासाठीं वेषांतराचे दोन मार्ग निघाले. पहिला, सर्व खुणा पुसून टाकण्याचा. ऑब्फ्स-४ सारख्या साधनांत पहिल्या बाइटापासूनच सारें यदृच्छेनें विखुरल्यासारखें दिसतें. परंतु जें कशासारखेंच दिसत नाहीं, तें त्याच कारणानें उठून दिसतें. २०२१ च्या नोव्हेंबरपासून चीनमध्यें नेमकी हीच परीक्षा सुरू झाल्याचें संशोधकांनीं २०२३ सालीं दाखवून दिलें. पहिल्या पुडक्यांतील एक व शून्य यांचें प्रमाण जवळजवळ निम्मेनिम आहे काय, त्यांत वाचतां येणारीं अक्षरें आहेत काय, एवढें पाहून यंत्र निकाल देई. दुसरा मार्ग, सामान्य संस्थळाच्या वाहतुकीचें सोंग घेण्याचा. त्याची दुर्बलता २०१३ सालींच हुमनसद्र, ब्रूबेकर आणि श्मातिकोव्ह यांनीं उघड केली होती. कारण सोंग घेणारास मूळ वस्तूचे गुणच नव्हे, तर तिच्या चुका व लहरीहि उचलाव्या लागतात. शिवाय पहारेकरी नुसता पाहत बसत नाहीं; तो स्वतः सर्व्हरचें दार ठोठावून आंत कोण आहे याची खात्री करून घेतो.

आतां नीतीचा प्रश्न. कूटलिपींत लिहिणें हें मौन आहे. त्यांत खोटें कांहीं सांगितलें जात नाहीं. परंतु वेषांतर हें आचरणांतील असत्य होय, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. दाराशीं आलेल्या खुन्यासहि खोटें सांगूं नये, असें कांटनें १७९७ सालीं प्रतिपादिलें. याच्या उलट महाभारताच्या कर्णपर्वांत कौशिक ब्राह्मणाची कथा आहे. पळून आलेले लोक कोठें दडले, हें त्यानें सत्यव्रतास्तव चोरांना सांगितलें, आणि त्यांच्या हत्येमुळें तो नरकास गेला. तेथें श्रीकृष्णानें घालून दिलेला क्रम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. मौनानें सुटका होत असेल तर बोलूंच नये. परंतु न बोलण्यानेंच संशय येत असेल, तर असत्य श्रेयस्कर. १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्याच्या 'कर्मजिज्ञासा' प्रकरणांत लोकमान्यांनीं या प्रश्नाचा ऊहापोह केला आहे. व्हीपीएनचा पेंच याहून निराळा नाहीं. येथेंहि मौनच संशयास्पद ठरलें आहे.

परंतु याच क्रमांतून मर्यादाहि निघतात. जेथें साधा व्हीपीएन निर्वेध चालतो, तेथें सोंगाची गरज नाहीं. त्यानें वेग मात्र मंदावतो. कार्यालयाच्या जाळ्यावर मालकाचे नियम आपण होऊन मान्य केले असतील, तर तेथें विचारणाराला विचारण्याचा अधिकार आहे. तेथील वेषांतर हा वचनभंग होय. शिवाय सोंगानें फसतो तो वाटेवरचा पहारेकरी. ज्याच्या घरीं आपण उतरतों, तो धर्मशाळेचा धनी नव्हे. भारतांत सर्ट-इन या सरकारी संस्थेनें २८ एप्रिल २०२२ रोजीं व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांचीं नांवें व पत्ते पांच वर्षें जपून ठेवण्याचा आदेश दिला. त्या नोंदवहीपुढें कोणतेंहि वेषांतर लटकें पडतें.

सर्वांत कठीण प्रश्न तिऱ्हाइताचा आहे. एकेकाळीं लखोट्यावर बड्या कंपनीच्या आश्रयाखालील निरुपद्रवी संस्थळाचें नांव घालून खरा मुक्काम आंतल्या चिठ्ठींत लिहीत. २०१८ च्या एप्रिलांत गूगलनें ही वाट बंद केली व अॅमेझॉननेंहि ती बंद करण्याचें जाहीर केलें. त्याच महिन्यांत रशियानें, टेलिग्रामनें या कंपन्यांच्या यंत्रांवर आसरा घेतला म्हणून, त्यांचे लक्षावधि पत्ते अडविले. आणि ज्यांचा या भांडणाशीं कांहीं संबंध नव्हता, त्यांचेहि व्यवहार खोळंबले. गर्दींत लपणारा मनुष्य आपली जोखीम गर्दीवर टाकतो. तो मार मुख्यतः मारणाराच्या पदरीं जातो, हें खरें. तरी लपणारानें त्याचा विचारच करूं नये, असें त्यावरून ठरत नाहीं.

म्हणूनच 'स्नोफ्लेक' नांवाची व्यवस्था मला अधिक निर्दोष वाटते. तींत मोकळ्या देशांतील स्वयंसेवक आपला ब्राउझर परक्यासाठीं उघडा ठेवितात, आणि वाहतूक ज्या रीतीनें जाते ती चलचित्र-संभाषणांत नित्य वापरली जाणारी आहे. येथें आडोसा देणारा जाणूनबुजून देतो. त्यांतूनहि चोर सुटूं शकेल, हा आक्षेप खोटा नाहीं; पण तो प्रत्येक बंद दारासहि लागू आहे.

तात्पर्य, मौन आधीं. मौन हाच गुन्हा ठरेल तेथें वेषांतर. आणि तेंहि शक्यतों राजीखुषीनें मिळालेल्या आडोशाखालीं. त्यांतील असत्य त्यामुळें सत्य होत नाहीं. पण त्याचा हिशेब मागावयाचा तर तो, ज्यानें प्रजेस गप्प राहण्याचीहि मुभा ठेविली नाहीं, त्यापासून आरंभ करून मागितला पाहिजे.